भावाला एचआयव्ही, मानेत टीबीची गाठ आणि आता कावीळ बी (हिपॅटायटिस बी) : गाठ वाढत असताना कोणते औषध थांबवावे?

प्रश्न : माजलगावकर

माझे थोरले बंधू ४६ वर्षांचे असून त्यांना एचआयव्ही असल्याचे २०१४ साली कळले. तेव्हापासून त्यांचे औषध एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचाराच्या, केंद्रातून चालू आहे आणि गेली काही वर्षे ते रोज एकच गोळी, म्हणजे टीएलडी (टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर ही तीन औषधे एकत्र), घेत होते. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातील तपासणीत व्हायरल लोड (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) ‘आढळत नाही’ असा अहवाल होता. ते आणि वहिनी दर हंगामाला कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. दिवाळीनंतर निघताना त्यांनी दोन महिन्यांच्या गोळ्या बरोबर नेल्या. त्या संपल्यावर मुकादमाकडे दोन दिवस मागायचे कसे आणि टोळीत कोणाला कळले तर काय, या भीतीने त्यांनी पुढच्या आणल्याच नाहीत. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, फिटेपर्यंत फडातून हलता येत नाही, ही अडचण होतीच. पाडव्याला परतल्यावरही ‘आता बरे आहे’ म्हणून त्यांनी अंगावर काढले.

मे महिन्यात मानेच्या उजव्या बाजूला सुपारीएवढी गाठ आली, संध्याकाळी कणकण येऊ लागली आणि वजन सात किलोंनी उतरले. गावातील डॉक्टरांनी पंधरा दिवस अँटिबायोटिक दिले. त्याने फरक पडला नाही, तेव्हा तालुक्याला सुईने गाठीतील नमुना घेतला आणि टीबी निघाला. आमची आजी ज्याला गंडमाळ म्हणत असे तोच हा आजार. जूनच्या अखेरीस टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या, दोन आठवड्यांनी टीएलडी पुन्हा सुरू झाली आणि तिच्यापासून बारा तासांनी डोल्युटेग्रॅव्हिरची आणखी एक स्वतंत्र गोळी घ्यायला सांगितली. सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) तेव्हा १३८ होता. त्याच तपासण्यांत कावीळ बी असल्याचेही प्रथमच समजले.

टीएलडी सुरू होऊन तीन आठवडे झाल्यावर, आधी थोडी बसलेली गाठ लिंबाएवढी झाली आहे, वरची कातडी लाल आहे आणि ताप परत आला आहे. यकृताचा एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारा आकडा) उपचारापूर्वी ६२ होता, तो आता ११८ आहे. पाहुण्यांपैकी एक जण म्हणतात की इतक्या गोळ्या एकमेकींशी भांडत आहेत, तेव्हा टीबी संपेपर्यंत एचआयव्हीची गोळी बंद ठेवा. पूर्वी तसेच करीत असत. दुसरे म्हणतात की यकृत सांभाळायचे तर टीबीची औषधे थांबवा. बंधूंचा माझ्यावर विश्वास आहे आणि मला यातले काही कळत नाही. गाठ वाढणे म्हणजे औषध लागू पडत नाही असे समजावे का, आणि तीन आजारांपैकी आधी कोणता सांभाळावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : ग्रामीण रुग्णालयातला एक

माजलगावकर, येथे वाचून निदान करता येत नाही. तरीही आधी एवढेच सांगतो की केंद्रातील डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय यांपैकी एकही गोळी बंद करू नका आणि बंधूंना याच आठवड्यात दाखवा. ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका.

टीबीच्या जंतूंना शरीर एका जागी कोंडून ठेवते आणि त्या कोंडीचे मुख्य पहारेकरी सीडी-४ पेशी असतात. एचआयव्ही नेमक्या त्याच पेशी खातो, म्हणून वर्षानुवर्षे निजलेला टीबी उठतो. एचआयव्ही नसलेल्या माणसाच्या शरीरात टीबीचे जंतू शिरले, तर त्याला आयुष्यभरात प्रत्यक्ष आजार होण्याची शक्यता ५ ते १० टक्के असते. एचआयव्हीवर उपचार नसेल, तर तेवढी जोखीम साधारण एकेका वर्षात येते. परंतु वाट दोन्ही बाजूंनी चालते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. टीबीशी लढण्यासाठी ज्या पेशी चेतवल्या जातात त्यांच्यातच एचआयव्हीची वाढ जोमाने होते, त्यामुळे टीबी चढला की व्हायरल लोडही चढतो. बंधूंचा १३८ हा आकडा केवळ चुकलेल्या गोळ्यांचा नसून त्यात टीबीचाही हात असणार, आणि टीबी आवरला की तो आकडा सावरायला मदत होईल.

आता गाठीविषयी. सीडी-४ खाली असताना शरीर जंतूंशी नीट झुंजतच नाही. एआरटी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत विषाणू वेगाने घटतो, पेशींना जाग येते आणि त्या गाठीत उरलेल्या जंतूंवर, अगदी मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवरही तुटून पडतात. त्या झुंजीने गाठ सुजते, लाल होते, कधी फुटते, आणि ताप येतो. वैद्यकात याला प्रतिकारशक्ती परतताना उठणारा दाह समजतात आणि सर्वजण त्याला ‘आयरिस’ या लघुनावाने ओळखतात. एआरटीनंतर पहिल्या तीन महिन्यांत, विशेषतः सुरुवातीच्या आठवड्यांत आणि ज्यांचा सीडी-४ कमी असतो त्यांच्यात तो अधिक दिसतो. आपण दिलेला क्रम, म्हणजे आधी उतार आणि मग एआरटीनंतर तिसऱ्या आठवड्यात उसळी, त्याच्याशी जुळतो.

परंतु जुळतो म्हणून तेच आहे असे मानून घरी बसणे चूक ठरेल. गाठ वाढण्याची दुसरी कारणे आधी वगळावी लागतात. जंतू रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देत नसतील तरीही हेच चित्र दिसेल, म्हणून गाठीतील नमुना सीबीनॅट यंत्रावर तपासला होता का ते विचारा. ते यंत्र साधारण दोन तासांत टीबी आणि रिफॅम्पिसिनचा प्रतिकार या दोहोंविषयी सांगते. नुसत्या काचपट्टीवर पाहिले असेल तर प्रतिकाराचा पत्ता लागलेला नाही. गोळ्या खरोखर रोज पोटात जात आहेत का, हेही पाहावे लागते. क्वचित टीबीच्या सोबतीला लसिका ग्रंथींचा कर्करोग निघतो. हे सर्व वगळल्यावर आयरिस सौम्य असेल तर तापाच्या व सुजेच्या गोळ्यांवर भागते, गाठीत पू झाला असेल तर तो सुईने काढतात आणि त्रास फार असेल तर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात. एआरटी मात्र बहुधा कोणीही थांबवीत नाही.

‘पूर्वी तसेच करीत असत’ हे आपल्या पाहुण्यांचे म्हणणे खोटे नाही. एकाच वेळी इतकी औषधे नकोत म्हणून आधी टीबी संपवून मग एआरटी द्यावी, असा प्रघात होता. दक्षिण आफ्रिकेत डर्बन येथे झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही उपचार एकत्र देणाऱ्या गटांतील मृत्यूचे प्रमाण, टीबी संपेपर्यंत थांबणाऱ्या गटापेक्षा ५६ टक्क्यांनी कमी निघाले. पुढच्याच वर्षी कंबोडियातील चाचणीने दाखवले की ज्यांचा सीडी-४ फारच खाली आहे त्यांना आठ आठवड्यांऐवजी दोन आठवड्यांनी एआरटी दिल्यास अधिक जीव वाचतात. त्या रुग्णांतही आयरिस जास्त झाला होता, तरीही जगले जास्त. याला मोठा अपवाद मेंदूच्या आवरणाच्या टीबीचा. तेथे दाह उसळला तर कवटीत जागाच नसते, म्हणून एआरटी काही आठवडे लांबवतात. बंधूंना सतत डोकेदुखी, उलट्या, मान आखडणे किंवा भ्रम यांपैकी काही जाणवले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

यकृताचा प्रश्न मला गाठीपेक्षाही गुंतागुंतीचा वाटतो. ११८ हा आकडा नेहमीच्या कमाल मर्यादेच्या तिपटीच्या जेमतेम आत आहे. मळमळ, उलट्या किंवा कावीळ अशी लक्षणे असताना तिप्पट आणि लक्षणे नसताना पाचपट, ही टीबीची औषधे तात्पुरती थांबवण्याची सर्वसाधारण रेषा असते. परंतु ती रेषा डॉक्टरांनी ओढायची असते. आकडा वाढवणारे संशयित येथे एकाहून अधिक आहेत. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही औषधे यकृताला त्रास देऊ शकतात. दारू असेल तर तिचाही वाटा. तिसरा संशयित कावीळ बी, आणि येथे औषध बंद असलेल्या त्या महिन्यांचा संबंध येतो. टीएलडीतील टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन ही दोन्ही औषधे कावीळ बीच्या विषाणूलाही दाबून ठेवतात. बंधूंना हा संसर्ग बहुधा जुनाच असावा आणि एचआयव्हीच्या गोळीने तो नकळत आवरून धरला असावा. गोळी बंद झाली की तो विषाणूही मोकळा सुटतो आणि यकृताला अचानक सूज येऊ शकते, कधी जीवघेणीही. एसजीपीटी टीबीच्या गोळ्यांपूर्वीच ६२ होता, याचे एक कारण हे असू शकते. पुढची खुबी अशी की आता गोळी परत सुरू झाल्यावर जागी झालेली प्रतिकारशक्ती यकृतातील विषाणूवरही हल्ला करते, म्हणजे मानेतला आयरिस यकृतातही होऊ शकतो.

म्हणून यकृत वाचवण्यासाठी टीएलडी थांबवणे म्हणजे ज्या दोरीला लटकलो आहोत तीच कापणे. उद्या प्रेडनिसोलोन द्यायची वेळ आली तरीही टेनोफोविर चालू असणे आवश्यक आहे, कारण स्टेरॉइडने कावीळ बी उफाळते. केंद्रातील डॉक्टरांना दर एक-दोन आठवड्यांनी एसजीपीटी आणि बिलिरुबिन पाहण्याची विनंती करा. टेनोफोविरसाठी क्रिएटिनिन ही मूत्रपिंडाची तपासणीही पाहावी लागते. लघवी लालसर-नारिंगी होणे ही रिफॅम्पिसिनची नेहमीची खूण असल्याने तिला घाबरू नका, पण डोळे पिवळे दिसले, अन्नावरची वासना उडाली किंवा उलट्या सुरू झाल्या तर तपासणीच्या तारखेपर्यंत थांबू नका.

उत्तर २ : निवृत्त समुपदेशक

डॉक्टरसाहेबांनी वैद्यकाची बाजू सविस्तर मांडली आहे. मी अनेक वर्षे तपासणी व समुपदेशनाचे काम केले, त्या अनुभवावरून त्या जास्तीच्या गोळीविषयी लिहितो, कारण घोळ तेथेच सर्वाधिक होतो.

रिफॅम्पिसिनमुळे यकृत इतर औषधांचा निचरा फार वेगाने करू लागते आणि डोल्युटेग्रॅव्हिर रक्तात टिकत नाही. म्हणून ५० मिलिग्रॅमची एक मात्रा टीएलडीतून आणि दुसरी बारा तासांनी स्वतंत्र गोळीतून देतात. ती जास्तीची गोळी हा टीबीचा उपचार नसून टीबीच्या उपचारामुळे एचआयव्हीच्या उपचारात करावी लागणारी भरपाई आहे. टीबीच्या गोळ्या संपल्या की यकृताचा वाढलेला वेग त्याच दिवशी ओसरत नाही, म्हणून शेवटच्या रिफॅम्पिसिननंतरही दोन आठवडे ती चालू ठेवायची असते. ‘टीबी संपला’ म्हणून लोक आनंदाने दोन्ही एकदम बंद करतात. त्याशिवाय आम्लपित्ताचे पांढरे औषध, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या डोल्युटेग्रॅव्हिरला पोटातच अडकवतात. ती त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावी. इतक्या गोळ्यांनी जळजळ होते म्हणून दुकानातून आम्लपित्ताची बाटली आणणारे मी कितीतरी पाहिले आहेत.

सीडी-४ खाली असल्याने बंधूंना सेप्ट्रान, म्हणजे कोट्रायमोक्साझोल, दिली असेलच. ती गोळी न्यूमोनियाचा एक घातक प्रकार आणि मेंदूतील टॉक्सोप्लाझ्माचा संसर्ग यांना अडवते. ‘साधी अँटिबायोटिक’ समजून ती गाळू नये.

वहिनींविषयी आपण काही लिहिले नाही. त्यांची एचआयव्ही तपासणी पूर्वी झाली असली तरी बंधूंचे औषध सहा-एक महिने बंद होते, म्हणून ती पुन्हा करावी लागेल. कावीळ बीची तपासणी स्वतंत्र करावी आणि संसर्ग नसेल तर लस द्यावी. तिचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात. गाठीचा टीबी सहसा इतरांना लागत नाही, मात्र बंधूंच्या छातीची तपासणी झाली आहे ना ते पाहा. सीडी-४ कमी असलेल्यांची थुंकी अनेकदा निर्दोष दिसते आणि एक्स-रेही फसवतो, तरीही फुफ्फुसात टीबी असू शकतो.

टीबीची नोंद झाली असेल तर निक्षय पोषण योजनेचे पैसे खात्यात येतात का तेही तपासा. नोव्हेंबर २०२४ पासून ते महिन्याला १,००० रुपये आहेत.

उत्तर ३ : दोन खिडक्या

मी स्वतः एचआयव्हीसह सोळा वर्षे जगत आहे आणि मला दोनदा टीबी झाला. पहिल्या वेळी टीबीच्या गोळ्या आठवड्यातून तीनदा, कार्यकर्त्याच्या समोर घ्यायच्या असत. दुसऱ्या वेळी रोजच्या झाल्या होत्या. आजारापेक्षा मला दोन खिडक्यांनी जास्त दमवले. एका खिडकीवर टीबीची गोळी, दुसरीवर एआरटी, आणि एका खिडकीला दुसरीची खबर नाही. एकदा तर एका ठिकाणी मला सांगितले की ही जास्तीची डोल्युटेग्रॅव्हिर दुप्पट लिहिली गेली आहे, चुकून असेल, घेऊ नका. मी आठ दिवस घेतली नाही. नंतर एआरटीच्या ताईंनी डोक्याला हात लावला.

तेव्हापासून मी एआरटीची पुस्तिका, टीबीचे कार्ड आणि रक्ताचे सर्व अहवाल एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो आणि दातांच्या डॉक्टरांकडे गेलो तरी ती पिशवी पुढे करतो. मधुमेहाची मेटफॉर्मिन सुरू झाली तेव्हा त्या पिशवीचा उपयोगच झाला, कारण डोल्युटेग्रॅव्हिरबरोबर मेटफॉर्मिनची मात्रा मर्यादेत ठेवावी लागते हे त्या डॉक्टरांनी पुस्तिका पाहूनच ओळखले. बंधूंना लाज वाटत असेल, मलाही वाटत असे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार संमतीवाचून कोणी ही माहिती फोडू शकत नाही, पण कायद्याने टोळीतल्या कुजबुजीला कुलूप लागत नाही, हेही खरे.

आणि एक. माझीही गाठ अशीच वाढली होती. फुटली, दोन महिने वाहिली, मग सुकली. वण आहे, कॉलरखाली झाकतो.

उत्तर ४ : बचतगटवाली

येथे पुरुषांचीच चर्चा चालली आहे, म्हणून स्त्रियांच्या संदर्भात थोडे लिहिते. माझ्यासारखी एखादी हा धागा वाचत असेल. एचआयव्ही असताना मला टीबी झाला तेव्हा रिफॅम्पिसिनमुळे कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांचा भरवसा राहत नाही हे मला कोणी सांगितले नव्हते, आणि मी विचारलेही नव्हते. तेवढ्या काळासाठी तांबी किंवा निरोधाचा विचार व्हायला हवा.

दुसरा संसर्ग कोणाला दिसत नाही, ताप नाही की गाठ नाही, तो एचपीव्ही या विषाणूचा. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग त्यापासून होतो आणि एचआयव्ही असलेल्या स्त्रियांमध्ये त्याची जोखीम इतर स्त्रियांच्या सहापट असल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण जो विषाणू एरवी शरीर दोन-एक वर्षांत झटकून टाकते तो येथे ठाण मांडून बसतो. म्हणून आम्हाला या कर्करोगाची तपासणी वयाच्या २५ व्या वर्षापासूनच करून घ्यायला सांगतात. आमच्या गटातील बऱ्याच जणी सीडी-४ चा आकडा तोंडपाठ सांगतात, पण ही तपासणी एकीचीही झालेली नव्हती.

माजलगावकर

सर्वांचे मनापासून आभार. आपल्या सांगण्यावरून दुसऱ्याच दिवशी बंधूंना घेऊन गेलो. आधीचा नमुना केवळ काचपट्टीवर पाहिला होता, सीबीनॅट झालेच नव्हते. सुईने बराच पू काढला आणि तो नमुना यंत्रावर तपासला. टीबीचे जंतू आहेत, रिफॅम्पिसिनला प्रतिकार नाही. छातीचा एक्स-रे पाहिला, थुंकीही दिली. डॉक्टरांनी आयरिसच असावा असे सांगून स्टेरॉइड तूर्त दिलेले नाही. एसजीपीटी ९६ वर आला आहे, दोन आठवड्यांनी पुन्हा करायचा आहे. बंधू अधूनमधून दारू घेतात हे मला त्या दिवशी डॉक्टरांसमोर कळले. वहिनींच्या दोन्ही तपासण्या निर्दोष आल्या असून त्यांना लसीचा पहिला डोस दिला. एचआयव्हीची तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा करायची आहे. आम्लपित्ताची बाटली घरात होती, ती मी उचलून आणली.

आता एकच काळजी आहे. टीबीच्या गोळ्या डिसेंबरअखेर संपतील आणि तेव्हा हे दोघे फडात असतील. या वर्षी जाऊ नका म्हटले, पण उचल घेऊन झाली आहे.

निवृत्त समुपदेशक

उचल झाली असेल तर ‘जाऊ नका’ म्हणण्यात अर्थ नाही. दसऱ्याच्या आत एआरटी केंद्रात जाऊन कोणत्या कारखान्यावर जाणार ते गावासह सांगा. तेथून जवळचे केंद्र कोणते ते लिहून घ्या आणि तेथून गोळ्या मिळाव्यात यासाठीची चिठ्ठी घ्या. प्रकृती स्थिर असलेल्यांना एका वेळी अधिक महिन्यांच्या गोळ्याही देतात, पण या टीबीच्या काळात बंधूंना ती सवलत मिळेलच असे गृहीत धरू नका. टीबीच्या उपचाराची बदलीही त्याच वेळी करून घ्या, ती वेगळ्या खिडकीवर होते. काही अडले तर १०९७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक मोफत आहे.

वहिनींचा लसीचा दुसरा डोस निघण्यापूर्वी होईल. तिसरा फडात असतानाच येईल, तो पाडव्याला परतल्यावर घेतला तरी चालतो, पहिल्यापासून पुन्हा सुरू करावे लागत नाही. डोल्युटेग्रॅव्हिरची जास्तीची गोळी डिसेंबरला नव्हे, संक्रांतीपर्यंत चालेल. शेवटची नेमकी तारीख केंद्रातून लिहून घ्या आणि ती वहिनींना सांगून ठेवा, बंधूंना नको.